मुकी काळी पाच

रविवार, १ फेब्रुवारी १९८७, दुपारचे साडेतीन. ठिकाण सर्वणच्या आमच्या मळ्यातली राखणीची झोपडी. ठरलेली रक्कम: मेलेल्या प्रत्येक कोल्ह्यामागे चाळीस रुपये, शिवाय बसभाडं आणि किरकोळ खर्चासाठी दहा रुपये आगाऊ. हजर: मी, माझा थोरला चुलतभाऊ आबा, आमचा राखणदार मारुती आणि डिचोलीचे पेटीवाले. एवढं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून खात्रीने सांगतो. बाकीचं आठवणीतून लिहितो आहे. त्यात पाच-दहा मिनिटांची किंवा दोन-चार पावलांची चूक असली तर ती माझी.

पेटीवाले म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणारे. डिचोली तालुक्यातल्या बहुतेक देवळांतल्या भजनाच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आबा भजनात गात असे, त्यामुळे तो त्यांना ओळखत होता. पेट्यांखेरीज त्यांना आणखी एक विद्या येत होती, ती म्हणजे कोल्ह्याला हाक मारून बोलावण्याची.

त्या वर्षी भात कापल्यावर आबाने आणि मी भागीत कलिंगडं लावली होती. मी डिचोलीच्या बाजारात एका दुकानावर हिशेब लिहीत असे. चार वर्षांची सगळी शिल्लक त्या मळ्यात घातली होती. सहाशे चाळीस फळं धरली होती. मी मोजली होती. काढणीला महिना होता आणि कोल्हे रोज दहा-बारा फळं फोडत होते. कोल्हा एक फळ खाऊन पोट भरून जातो असं नाही. चावून बघतो, कच्चं लागलं की सोडून पुढच्याला तोंड लावतो. याच चालीने महिना गेला असता तर निम्मा मळा संपला असता आणि उरलेल्यातून खताचे पैसेही सुटले नसते. मारुती डबा बडवून बघून थकला होता. तो चंदगडकडचा. खाणीवरचं काम सुटल्यावर आमच्याकडे आलेला. तो म्हणाला होता, "मालक, आता डबा वाजला की ती जेवाय येत्यात. घंटा समजत्यात वाटतं."

त्या पहिल्या दिवशी मी पेटीवाल्यांना सरळ विचारलं, "बाब, कोल्हे येतात हीच आमची तक्रार. त्यांना आणखी बोलवायला पैसे कशाला द्यायचे?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता ते येतत ते तेंच्या वेळार. माझ्या हाकेक येतीत ते आमच्या वेळार. फरक कळता मां, हिशेबनीस?"

तेव्हापासून मी त्यांचा हिशेबनीस झालो. मला त्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही.

मग त्यांनी अटी सांगितल्या. पांढरा सदरा नको. बिडी नको. बोलणं नको. मळ्यात त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी फुंकायचं नाही. आम्ही माना डोलावत होतो. शेवटी चष्मा पुसत ते म्हणाले, "आणि पिलाची हाक मी मारूचंय नाय. तां आधीच सांगतंय, मागीर वाद नको." याचा अर्थ आम्हाला कळला नाही, पण फुकटची अट म्हणून आम्ही तिलाही हो म्हटलं.

त्यांचं वय तेव्हा साठ असेल. अंगाने काटक. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, जन्मभर भाता हलवून तसा झाला असं ते सांगत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सदऱ्याच्या खिशात एक विभूतीची पुडी असे. तिच्यातली चिमूट कपाळाला लागे, आणि दुसरी चिमूट हवेत सोडून ते वारा कुठला आहे हे बघत. देवाचा आणि वाऱ्याचा खर्च एकाच पुडीतून.

हार्मोनियमच्या आत पितळेच्या बारीक पात्या असतात, त्यांना ते सूर म्हणत. जुन्या पेटीतून निकामी झालेला सूर काढायचा, घासून पातळ करायचा, बोटभर कळकाच्या नळीत बसवायचा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी वर गुंडाळायची; की झाली शिट्टी. तावडीत सापडलेल्या सशाची किंकाळी ती. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी बसल्या जागी दचकलो होतो.

शिट्टी बरोबर झाली की नाही हे ते मांजरांवरून ठरवीत. घराच्या पडवीत बसून फुंकायचं आणि अंगणाच्या दगडी गडग्याकडे बघत राहायचं. एक मांजर आलं तर अजून घासायला हवं. तीन आली तर शिट्टी तयार. एकदा मी गेलो तेव्हा गडग्यावर पाच मांजरं ओळीने बसली होती आणि काकी, म्हणजे त्यांची बायको, हातात मासळीची परडी घेऊन दारातच अडकली होती.

"हिशेबनिसा, तूच सांग रे तेंका," काकी म्हणाली. "रोज सांजेचो हेंचो ससो मरता. एक दिवस बरो मरान जाऊ दी म्हणा, बारावा घालतंय तेचा नि सुटतंय."

"काळी तीन," पेटीवाले माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले. "अजून तापूक नाय. तापली की काळी चारार जाता."

जगातल्या प्रत्येक आवाजाला त्यांच्याकडे पट्टी होती. साखळी गावाच्या बसचा हॉर्न पांढरी दोन. खाणीचा भोंगा मंद्रातली काळी एक, थोडी उतरलेली. सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराने वाजवलेला भोंपू त्यांच्या मते बेसूर होता, पण त्याचे गोल उंडे चांगले असल्यामुळे ते चालवून घेत.

पडवीत त्यांची स्वतःची पेटी होती. जर्मन सुरांची, काळपट शिसवी, आवाज असा की खोली भरून जाई. एकदा ते आत गेले असताना मी उगाच तिच्यावरून बोट फिरवलं. वरच्या सप्तकातली काळी पाच वाजेना. नुसती हवा गेली, फस्स करून. ते बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाब, तुमच्या पेटीची एक पट्टी मुकी आहे."

"म्हायत आसा," ते म्हणाले, आणि दुसरंच बोलायला लागले. मला वाटलं, लोकांच्या पेट्यांतून यांना स्वतःच्या पेटीला सवड होत नसेल.

त्या महिन्यात सगळ्या गोव्यात भाषेचा वाद चालला होता. मराठी की कोंकणी. बाजारातल्या चहाच्या हॉटेलात दोन्हीकडचे लोक समोरासमोर टेबलांवर बसत आणि बशा वाजत. एकदा पेटीवाले पेटीचा भाता खांद्यावर टाकून आत आले, तर दोन्ही टेबलांनी त्यांना धरलं. "बाब, तुमी खंयच्या बाजूचे?"

ते उभ्यानेच म्हणाले, "मी कोल्ह्याकडे कोल्ह्याच्या भाशेन उलयतंय नि काकीकडे काकीच्या. ऐकतलो कोण तां आधी बघूचा. तुमी दोघय आपापल्याच कानांक ऐकवतास." दोन्ही बाजूंना वाटलं हे दुसऱ्या बाजूला उद्देशून आहे. दोघांनीही त्यांच्या चहाचे पैसे दिले. हॉटेलवाल्याने दोन्ही ठेवून घेतले. मी बघत होतो.

हरमलला एका देवळाची पेटी दुरुस्त करायला गेले असताना तिथे राहणाऱ्या एका परदेशी माणसाने त्यांची हाक टेपवर उतरवून घेतली आणि तो टेपरेकॉर्डरच त्यांना बक्षीस देऊ लागला. यांनी घेतला नाही. मी म्हटलं, बाब, फुकट मिळत होता, फुंकण्याचा त्रास वाचला असता. ते म्हणाले, "टेपीतलो ससो दर खेपेक तसोच मरता. खरो ससो दर खेपेक येगळो मरता. कोल्ह्याक तां कळता, गोऱ्याक कळना."

पहिली बैठक गुरुवारी पाच तारखेला संध्याकाळी साडेपाचला झाली. ऊन बांधावर तिरपं आलं होतं. पेटीवाल्यांनी विभूतीची चिमूट सोडली, ती नदीच्या बाजूने डोंगराकडे गेली. मला आणि मारुतीला त्यांनी आपल्याजवळ काजूच्या झुडपाला पाठ लावून बसवलं. आबाला मात्र बंदूक देऊन साठ पावलं मागे, डोंगराच्या बाजूला पाठवलं. ही बंदूक आमच्या आजोबांच्या वेळची, शेतराखणीच्या परवान्याची. आबाला हे पटलं नाही. हाक इथे आणि बंदूक तिथे कशाला? पेटीवाले म्हणाले, "कोलो सरळ येना रे. तो फिरान वाऱ्याच्या खालसून येता, वास घेवक. जंय तो येतलो थंय तू बस."

मग पहिली पंधरा मिनिटं त्यांनी काहीच केलं नाही. "मळ्याक विसराक दी आमी इलंव तां," एवढंच पुटपुटले. पहिली हाक अगदी बारीक, श्वासाएवढी. कोल्हा जवळच बसलेला असेल तर मोठ्या आवाजाने पळेल म्हणून. नंतर गप्प. मी मनात मोजत होतो, तीनशेपर्यंत गेलो. दुसरी हाक मोठी, तुटक, मध्येच कोणी गळा दाबल्यासारखी. पुन्हा गप्प. तिसरी म्हणजे नुसता हुंदका. मी हातवारे करून विचारलं, पुन्हा फुंका ना. त्यांनी मान हलवली. फुंकायचं थोडं आणि गप्प बसायचं जास्त, हे त्यांनी मला नंतर शंभर वेळा सांगितलं.

सतराव्या मिनिटाला कोल्हा आला. सांगितल्याप्रमाणे फिरून, डोंगराच्या बाजूने, आबाच्या पुढ्यात पंचवीस पावलांवर. कान ताठ, एक पाय उचललेला. आबाने बार काढला.

त्या बारात दोन कलिंगडं फुटली. कोल्हा शून्य.

कोणी हसलं नाही. पेटीवाल्यांनी शिट्टी फडक्यात गुंडाळली. "एक धडो शिकलो तो. आता आठ दिस हय कोणी फुंकूचा नाय. तेका विसराक दी." आबाचं तोंड बघवत नव्हतं. तालुक्यातला नावाजलेला गाणारा, आणि दोन कलिंगडं मारून घरी चालला होता.

शुक्रवारी तेरा तारखेला पेटीवाले परत आले. तीच वेळ, तीच जागा, तीच हाक. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. काही नाही. ते उठले आणि सबंध मळ्याला फेरी मारून आले. बांधाच्या एका वळणावर त्यांनी मला बोलावलं. तिथलं गवत माणूस बसून दबलेलं होतं. त्याच्या मागे सहा पावलांवर एका दगडावर कोल्ह्याची ताजी विष्ठा, कलिंगडाच्या बियांनी भरलेली.

"हय कोणतरी बसान फुंकीत होतो," ते म्हणाले, "आणि तो मागे बसान ऐकीत होतो. कोण फुंकलो?"

मारुती आधी बोलला. "म्या न्हाई. फुकायचं म्हंजे मला बिडीच ठावं, ती बी तुमी बंद केलीया."

आबाने खिशातून शिट्टी काढली. देवळाच्या पेटीतला एक जुना सूर ठेवणीत होता, तो घेऊन त्याने आपणच बनवली होती. बार चुकल्याची लाज त्याला भरून काढायची होती. सहा दिवस रोज संध्याकाळी तो एकटा येऊन फुंकत होता.

"फुंक बघू," पेटीवाले म्हणाले.

आबाने फुंकलं. खरं सांगतो, शिट्टी सुरेख होती. आधी हळू, मग आवाज चढत गेला, वर थोडा थांबला, एक छोटी हरकत घेतली आणि अलगद खाली येऊन टेकला.

पेटीवाल्यांचा तो खाली गेलेला खांदा हलायला लागला. बांधावर बसून ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. "अरे आबा! मरतना ससो समेर येता काय रे? तेका सूर सांभाळूक वेळ खंय? तू तां भजन केलंस. कोलो बसलो, ऐकलो, खूश जालो, नि दक्षिणा ठेवन गेलो!"

मारुती, मी, सगळे हसलो. आबा हसला नाही. म्हणाला, "हसा. उरले किती ते सांग बाबू." बाबू म्हणजे मी. मी सांगितलं, पाचशे सहा. तेव्हा हसू थांबलं.

"बाब," आबा म्हणाला, "सशाची हाक गेली. आता पिलाची हाक मारा. पिलां जाली आसतली ह्या दिसांनी. आई धावान येतली. चाळीस नाय, ऐंशी घेया."

"नाय."

"शंभर."

पेटीवाल्यांनी चष्मा घातला. "आबा, सशाक कोलो येता तो पोटाक म्हणान. येतना दहा वेळा थांबता, वास घेता, बघता. तो फसलो तर बरोबरीचो खेळ. पिलाची हाक मी एकदाच मारलंय. पेडण्यात, वीस वर्सां जाली. कोल्हीण इली. फिरान नाय, सरळ. दोन माणसां बसली हत, हातात बंदूक आसा, कायच बघूक नाय. माझ्या गुडघ्याक लागान उभी रवली नि माझ्या हातातली शिट्टी हुंगूक लागली. थंय तिका पिल्लू दिसना. तेवढ्यार माझ्या सोबत्यान बार काडलो. त्या सांजेक घरी गेलंय नि ती हाक ज्या सुराची, तो सूर माझ्या पेटीतसून काडून टाकलंय."

आता मला काळी पाच समजली. आबाने आकडा वाढवला नाही, पण बंदूक तो त्या दिवसापासून रोज आणू लागला, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवाले मारुतीला घेऊन बांधाच्या टोकापर्यंत गेले. तिथे केवड्याची दाट जाळी होती. परत आले ते समाधानाने. "घरच थंय आसा तेंचा. ताजी माती काडलेली आसा. हे चोर न्हय रे, हे शेजारी. शेजाऱ्याक मारून भागना, तेका घर बदलूक लावचा."

"कसं?"

"दुसरो शेजारी आणून."

संध्याकाळी ते एक हातभर लांब जाड नळी घेऊन आले. आत खर्जाचे दोन सूर, मागे जुन्या पेटीचा अर्धा भाता. भाता मारुतीने मारायचा आणि नळीच्या तोंडावर हात उघडझाप करत पेटीवाल्यांनी आवाज वळवायचा. ही हाक सशाची नव्हती. परका कोल्हा हद्दीत येऊन, हे आता माझं, असं ओरडतो, ती ती हाक. पहिल्या संध्याकाळी मळ्याच्या अलीकडच्या टोकावरून एकदाच. जाळीतून लगेच उत्तर आलं, दोन आवाजांत. रविवारी दीडशे पावलं पुढून. सोमवारी जाळीपासून चाळीस पावलांवरून. त्या दिवशी नर आणि मादी दोघंही बांधावर आली, पाठीवरचे केस फुलवून, आणि आमच्याकडे तोंड करून दोघांनी जे काही ऐकवलं ते पाच मिनिटं थांबलं नाही.

"आयला," मारुती भाता सोडून म्हणाला, "शिव्याच घालाय लागल्यात की वो! आन् त्या बी आमच्या गावाकडच्या!"

आबाने त्या वेळी बंदूक उचलली नाही. एकावर बार काढला तर दुसरं निसटलं असतं, आणि तो पिलं बाहेर यायची वाट बघत असावा असं मला वाटलं.

मंगळवारी उजाडताना आम्ही चौघे बांधाच्या आडोशाला बसलो होतो. धुकं विरळ होत होतं. पावणेसातच्या सुमारास जाळीतून कोल्हीण निघाली. तोंडात काहीतरी काळं लोंबत होतं. कापलेल्या भाताची मोकळी जमीन ओलांडून, पाटावरून उडी मारून ती डोंगराच्या झाडीत गेली. थोड्या वेळाने रिकामी परतली आणि पुन्हा तोंडात एक घेऊन निघाली. दर खेपेला ती आमच्यासमोर तीस पावलांवरून जात होती, उघड्यावर, तोंड अडकलेलं, धावता येत नसलेली. अशा कोल्हिणीवर आबाचाही बार चुकला नसता. बंदूक त्याच्या मांडीवर भरलेली होती.

मी पेटीवाल्यांकडे बघितलं. ते आबाकडे बघतच नव्हते. त्यांनी माझ्याकडे वळून बोटं हलवली: किती?

"चार," मी कुजबुजलो.

"पाच," आबा म्हणाला. त्याने नजर त्या मोकळ्या जमिनीवरून काढली नव्हती. "पयला पिल्लू नेला तेव्हा काळोख होतो. तू बघूक नाय."

म्हणजे तो आमच्याआधीपासून बघत होता, आणि मोजत होता. पेटीवाल्यांनी विभूतीची पुडी काढली आणि न विचारता आबाच्या कपाळाला बोट लावलं.

त्या दिवसानंतर पहिल्या रात्री दोन फळं फुटली, मग एक, मग काढणीपर्यंत एकच, आणि ते मारुतीने खाल्लं असं त्याने स्वतः कबूल केलं. एकूण चारशे अठ्ठ्याहत्तर फळं बाजारात गेली. माझी शिल्लक परत आली, वर थोडं सुटलंही.

हिशेबाच्या दिवशी मी पैसे घेऊन डिचोलीला गेलो. पेटीवाल्यांनी विचारलं, "कोले मेले किती?" एकही नाही. "मगे माझे किती?" मी म्हटलं, ठराव राहू द्या बाब, तुम्ही मळा वाचवलात. ते ऐकेनात. उलट आगाऊ दहातून उरलेले तीन रुपये साठ पैसे, खर्चाच्या चिठ्ठीसकट, माझ्या हातावर ठेवले. मी नेलेल्या कलिंगडांपैकी एकावर त्यांनी बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "पांढरी एक. पिकला." तेवढं ठेवून घेतलं. एका कोल्ह्यामागे ठरलेले चाळीस रुपये त्यांनी मारुतीला द्यायला लावले. तेरा दिवस बिडी न ओढता बसला, सगळ्यांत कठीण काम त्याचं, म्हणून.

त्याच वर्षी मे महिन्यात गोव्याचं राज्य झालं. डिचोलीत मिरवणूक निघाली, तिच्या बँडमधलं क्लॅरिनेट पाव सूर चढलेलं आहे असं ते मला गर्दीत शोधून सांगायला आले होते. पुढची अकरा वर्षं दर कलिंगडाच्या मोसमात ते मळ्यावर एक चक्कर टाकीत आणि डोंगराच्या बाजूला कान देऊन म्हणत, "आसत. बरी आसत."

ते गेल्यावर काकीने पेटी विकायला काढली. लेकीकडे राहायला जायची होती, जागा नव्हती. मी गेलो तेव्हा गडग्यावर मांजरं होती, सवयीने आलेली. काकीने सातशे सांगितले, मग स्वतःच म्हणाली, "एक पट्टी वाजना तिची. तू हिशेबाचो माणूस. पन्नास कमी दी."

पेटी आमच्या घरी आहे, मुलगी वाजवते. काळी पाच अजून मुकी आहे. काकीला मी सातशे दिले.